वहीतलं छोटं स्केच मोठ्या कॅनव्हासवर कसं न्यायचं? (ए५ वरून ३ बाय ४ फूट)

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. वाईला घाटावर बसून केलेलं एक पेन्सिल स्केच आहे, ए५ वहीत, आडवं पान. ढोल्या गणपतीच्या देवळाची ती मागची बाजू, पुराचं पाणी फाकावं म्हणून माशासारखी निमुळती बांधलीय ना, ती, मग पायऱ्या, डाव्या हाताला कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि पलीकडं थोडं पाणी. एवढंच आहे पण स्केच जमलंय, असं मला वाटतं आणि बायकोलाही वाटतं, म्हणजे बघा. आता याचं ऑइलमध्ये ३ बाय ४ फुटाचं करायचंय, कॅनव्हास आणून भिंतीला टेकवून ठेवलाय आणि तो रोज माझ्याकडं बघतोय.

प्रश्न असा की स्केच कॅनव्हासवर उतरवायचं कसं. शाळेत चौकटी आखून मोठं करायला शिकवलेलं ते आठवतंय, पण तसं काढलेलं चित्र मला नेहमी मोजून-मापून शिवलेल्या युनिफॉर्मसारखं वाटतं, स्केचमधली मजा त्यात उतरत नाही. यूट्यूबवर कोणी प्रोजेक्टर लावतं, कोणी कार्बन पेपर, कोणी प्रिंट काढून मागून पेन्सिल घासतं. ऑइलच्या खाली पेन्सिल चालते का, हाही एक प्रश्न. ज्यांनी मोठी कामं केलीत त्यांनी सांगा, प्लीज नुसत्या लिंका देऊ नका.

निवृत्त_खडू:
चौकटीला नावं ठेवण्याआधी पट्टी घ्या आणि कॅनव्हास मोजा. ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिमी. तुमचा कॅनव्हास ९१४ बाय १२१९ मिमी. दोघांचा आकार वेगळाय! ए५ ची लांबी रुंदीच्या १.४१ पट आणि कॅनव्हासची १.३३ पट. अख्खं पान जसंच्या तसं न्यायचं तर ३ फूट उंचीला कॅनव्हास साधारण ५१ इंच लांब पाहिजे, तुमच्याकडं आहे ४८. म्हणजे ३ इंच कुठंतरी जाणार. लोक हे बघतच नाहीत, डावीकडून काढत जातात आणि उजवीकडं जागा संपली की देऊळ दाबून बसवतात. मग म्हणतात ग्रिडमुळं, म्हणजे चौकटींमुळं, चित्र मेलं.

तेव्हा आधी स्केचमध्ये कात्री कुठं लावायची ते ठरवा. १४८ उंची तशीच ठेवली तर लांबी १९७ मिमी होते, म्हणजे १३ मिमी काढायचेत. उजवीकडून काढायचे का डावीकडून का दोन्हीकडून थोडे थोडे, हा रचनेचा प्रश्न आहे, गणिताचा नाही. पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापा, स्केचवर ठेवून सरकवून बघा. आकडेमोड नको असेल तर कर्णाची युक्ती आहे, कॅनव्हासच्या कोपऱ्यात स्केच ठेवून कोपऱ्यातून तिरकी दोरी धरायची, दोरी कागदाच्या ज्या कडेवरून बाहेर पडते तिथपर्यंतचा आयत कॅनव्हासच्याच प्रमाणातला.

मग चौकटी. कॅनव्हासवर ६ इंचाच्या घ्या, ८ आडव्या ६ उभ्या, ४८ घरं होतात. स्केचवर मात्र १४८ मिमीचे ६ भाग करायचेत आणि ते २४.६६ असे काहीतरी येतात, तिथं पोरं रडतात. रडू नका. पट्टी तिरकी ठेवा, शून्य वरच्या कडेला आणि १८ सेंमी खालच्या कडेला लागेल इतकी तिरकी, आणि दर ३ सेंमीला खूण करा. बरोब्बर सहा समान भाग. आडव्या बाजूलाही तसंच, १९७ वर २४ सेंमी तिरके बसवा आणि दर ३ ला खूण. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना मी हे सांगत आलो, चित्रकलेत नापास होणाऱ्यालाही हे जमतं.

बॅनरवाला_कोल्हापूर:
मास्तरांनी पाया बरोबर घातलाय. आता आमचं ऐका.

आमचे वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे. फोटो असायचा पोस्टकार्डाएवढा आणि हिरोचं तोंड काढायचं माणसापेक्षा उंच. फोटोवर शाईनं चौकडे, कापडावर खडूची पूड लावलेला दोरा दोघांनी दोन्हीकडून ताणून धरायचा आणि मधून उचलून सोडायचा, टण्णकन एक सरळ रेघ उठती. पेन्सिल-पट्टी घेऊन बसला असता तर पिक्चर उतरून गेला असता तरी रेघाच मारत बसला असता. मुंबईत हुसेनसाहेबांनी पण तरुणपणी सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच दिवस काढले आणि आमच्याकडं तर बाबूराव पेंटरांच्या आधीपासून पडदे रंगवायची परंपरा, तेव्हा चौकड्यात चित्र मरतं हे आम्हाला सांगू नका राव 😄

चित्र मरतं कशानं सांगतो. माणूस एक घर बघतो, ते भरतो, मग दुसरं घर बघतो, ते भरतो. असं करायचंच नाही! आधी सगळ्यात लांब रेघ धरायची. तुमच्या चित्रात ती घाटाच्या पायरीची असणार. ती डावीकडून निघाली, कुठल्या घराची कुठली बाजू कुठं कापती, तेवढ्या खुणा फक्त ठिपक्यानं करायच्या, आणि मग खांद्यापासून हात फिरवून एका दमात रेघ ओढायची. मनगटावरून काढाल तर लिहिल्यासारखी येती. वडील कोळसा काठीला बांधून लांबून काढायचे, म्हणजे हात आपोआप मोठा फिरतो. मग दुसरी लांब रेघ. देवळाचा निमुळता भाग, त्याची बाहेरची कड. बायका सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्या घरात लागलंच तर अजून बारके चौकडे करायचे, सगळीकडं बारके करत बसायचं नाही. पाण्याला तर एक पण चौकडा नको.

आणि दर थोड्या वेळानं दार गाठायचं आणि दारातनं बघायचं.

घाटावरचा:
वा, कोल्हापूरकर, हे जबरदस्त आहे. लांब रेघ आधी ही गोष्ट कोणीच सांगत नाही. मास्तर, १३ मिमीचं डोक्यातच नव्हतं, उजवीकडं नुसतं आभाळ आहे तिथून काढता येतील. पण कॅनव्हासवर ज्या ग्रिडच्या रेघा मारीन त्या नंतर जाणार कशा? आणि वहीतल्या स्केचवर रेघा मारायचं जिवावर येतंय.

सुईदोरा:
स्केचवर रेघा कशाला मारताय दादा, ओएचपीची पारदर्शक शीट मिळते ती वर ठेवा आणि तिच्यावर मार्करनं आखा. पुन्हा दुसऱ्या स्केचला वापरता येते.

मी चित्रकार नाही, भरतकाम करते, आरी आणि जरदोसी. पण तुमचा प्रश्न आमचा रोजचा आहे कारण कस्टमर मोबाइलवर बोटाएवढं डिझाइन दाखवते आणि ते ब्लाउजच्या पाठीवर नाहीतर शालूच्या पदरावर उतरवायचं असतं. आम्ही खाका करतो. डिझाइन हव्या त्या साइजमध्ये ट्रेसिंग पेपरवर काढायचं, खाली ब्लँकेटची घडी ठेवायची आणि रेषेवरून सुईनं जवळजवळ भोकं पाडत जायचं, दोन-तीन मिमीवर एक. लांब सरळ रेषा असतील तर शिलाई मशीनला दोरा न ओवता कागद खालून फिरवायचा, भर्रकन होतं. कागद उलटा करून बारीक पॉलिश पेपर हलका फिरवायचा म्हणजे भोकांच्या कडा जातात, नाहीतर भोकं बुजतात. मग कापडावर ठेवून आम्ही रॉकेलमध्ये नीळ नाहीतर झिंक पावडर कालवून बोळ्यानं पुसतो. तुम्ही मात्र रॉकेलच्या वाटेला जाऊ नका, कॅनव्हासला कोरडंच बरं. कोळशाची पूड मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि कागदावरून ठोकत जायचं, घासायचं नाही, ठोकायचं. कागद उचलला की ठिपक्या-ठिपक्यांची रेषा उमटलेली असते, ती ब्रशनं जोडायची आणि उरलेली पूड फडक्यानं झटकायची. ग्रिडच्या रेघा पुसायचा प्रश्नच येत नाही कारण ग्रिड कागदावर राहिली, कॅनव्हास कोरा.

अजून एक फायदा म्हणजे चित्र बिघडलं तरी खाका शिल्लक असतो, परत ठोका. आणि उलटा ठेवला की आरशातलं चित्र मिळतं, आमच्याकडं दोन बाह्यांना तेच करतात.

पोथीतला_मोर:
सुईदोरा ताई, तुमच्या खाक्याची भावंडं फार लांबपर्यंत पसरलीत. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांच्या कारखान्यात हाच शब्द आणि हीच सुई. तिकडं जुन्या चित्रावरून नक्कल उतरवायला हरणाच्या पातळ पारदर्शक कातड्याचा चरबा करायचे, त्यावरून खाका, आणि एकेक खाका पिढ्यान्‌पिढ्या वापरात असायचा. इटलीत भित्तिचित्रांना पण तेच. रफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’साठी केलेलं पूर्ण मापाचं रेखाटन मिलानला अँब्रोसियाना संग्रहालयात आहे, कागदाचे कितीतरी ताव चिकटवून केलेलं, आणि त्याच्या रेषांवर सुईची भोकं आहेत. गंमत म्हणजे ते इतकं चांगलं झालेलं की भिंतीवर ओल्या गिलाव्यात खराब होऊ नये म्हणून मूळ रेखाटन बाजूला राखलं आणि भोकं दुसऱ्या कागदावर घेऊन तो कागद भिंतीला वापरला असं अभ्यासक मानतात. मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या छतावर दोन्ही केलंय, काही आकृत्या भोकांच्या आणि काही ठिकाणी कागदावरूनच टोकदार हत्यारानं ओल्या गिलाव्यात रेषा दाबलेल्या. आणि इजिप्तवाले तर त्याच्याही आधी थडग्यांच्या भिंतींवर लाल रंगात बुडवलेल्या दोऱ्यानं चौकटी मारायचे, उभा माणूस पावलापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ घरांचा. कोल्हापूरकर, तुमच्या वडलांचा दोरा हाच.

बॅनरवाला_कोल्हापूर:
बघा म्हटलं नव्हतं. इजिप्तला पण थेटर असणार.

सातासमुद्रापार:
प्रोजेक्टरबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी इकडं मेलबर्नला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे मागचे पडदे रंगवतो, १०-१२ फुटाचे, आणि सरळ प्रोजेक्टर लावतो, वेळच नसतो. फसवणूक वगैरे काही नाही, पण त्याचे नखरे आहेत. मशीन जरा वर-खाली कललं तरी चौकोनाची एक कड रुंद आणि समोरची अरुंद होते आणि देवळाचे खांब वर जाऊन मिळायला नाहीतर फाकायला लागतात. रिमोटवरचं कीस्टोन बटन दाबून सरळ करण्यापेक्षा लेन्स कॅनव्हासच्या मध्यासमोर काटकोनात आणा. चित्राबरोबर एक चौकट पण प्रोजेक्ट करायची आणि तिच्या समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, बाजू जोडीजोडीनं आणि कर्ण एकमेकांशी सारखे आले तरच पेन्सिल उचलायची. दुसरं म्हणजे स्केचचा फोटो मोबाइलनं जवळून काढला तर फोटोतच कडा फुगलेल्या असतात, त्यापेक्षा स्कॅन करा, ६०० डीपीआयला केलं की भरपूर झालं.

आणि अंधारात काढताना सगळं छान वाटतं, लाइट लावला की कळतं की अर्ध्या रेषा आपल्या सावलीत सुटल्यात आणि उरलेल्या सगळ्या एकाच जाडीच्या आल्यात. घाटावरचा यांना जी युनिफॉर्मची तक्रार आहे ना, ती मला वाटतं ग्रिडपेक्षा प्रोजेक्टरला जास्त लागू पडते. पडद्याला चालतं, लांबून बघतात आणि पुढं गणपती बसलेला असतो.

ज्यांना प्रोजेक्टर नको त्यांच्यासाठी, आर्किटेक्ट लोकांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात प्लॉटर असतो, त्याचा ३६ इंची रोल असतो म्हणजे तुमची ३ फूट उंची एका तुकड्यात निघते, कडेची थोडी मार्जिन सोडून. साध्या कागदावर ब्लॅक अँड व्हाइट काढायचं, फार पैसे लागत नाहीत. त्या प्रिंटचाच ताईंच्या पद्धतीनं खाका करता येईल.

तिरकस_ब्रश:
सगळ्यांचं वाचलं, सगळं बरोबर आहे आणि तरी चित्र फसणार आहे 🙂

अहो, पद्धत कुठलीही घ्या, स्केच सहा पटीच्या वर मोठं होतंय. क्षेत्रफळ ३८ पट. पेन्सिलची अर्ध्या मिमीची रेघ ३ मिमीची होते. तुमच्या त्या कपडे धुणाऱ्या बायका वहीत किती असतील, १२ मिमी? कॅनव्हासवर त्या ७ सेंमीच्या वर जातात, डोकं सेंटीमीटरभर. वहीत तिथं काय आहे? दोन गिरबिटं. वहीत ती गिरबिटं बाई वाटतात कारण बघणाऱ्याचा डोळा बाकीचं भरून घेतो. तीच गिरबिटं खाका करून, सुया टोचून, इमानदारीत तीन इंचाची केली की ती बाई राहत नाही, गिरबिट राहतं. प्लॉटरचा प्रिंट काढून बघा, लगेच दिसेल. मजा उतरत नाही याचं कारण ग्रिड नाही, स्केचमध्ये तेवढी माहितीच नाहीये हे कारण आहे, आणि जी नाहीये ती दोऱ्यानंही येत नाही आणि लेन्सनंही येत नाही.

माझं म्हणणं, मधे एक पायरी टाका. ९ बाय १२ इंचाचा कागद घ्या. ३ बाय ४ फुटाचं अगदी बरोबर चौथं माप आहे ते. कापलेलं स्केच झेरॉक्सवर १५४ टक्के केलं की ९ बाय १२ होतं, ए३ कागदावर काढा, ए४ मध्ये मावत नाही. ते खाली ठेवून वर ट्रेसिंग पेपरवर परत काढा, आणि काढताना एकेक ठिकाणी स्वतःला विचारा की इथं काय आहे. बाई वाकलीय का बसलीय, हात कुठाय, साडीचा ओचा कुठं खोचलाय. माहीत नसेल तर वाई काही चंद्रावर नाही, परत जाऊन बघून या, या वेळी नुसत्या बायकांची आणि पायऱ्यांच्या दगडांची स्केचेस करा. मग ९ बाय १२ मध्येच छाया-प्रकाश तीनच टोनमध्ये लावून बघा. तिथं जमलं की कॅनव्हासवर नुसत्या मोठ्या खुणा न्यायच्या. बायकांच्या जागी एक उभा अंडाकार, बस. बाकीचं ब्रशनं काढायचं, कारण हातात ते बसलेलं असतं.

निवृत्त_खडू:
तिरकस, नाव सोडलं तर सरळ बोललात. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का बघा, ९ बाय १२ केलं की माझी तिरकी पट्टी बादच झाली. कागदावर १ इंच म्हणजे कॅनव्हासवर ४ इंच, दीड इंच म्हणजे ६ इंच. भागाकारच नाही. घाटावरचा, हेच करा, मिमी विसरा.

फक्त ‘नुसत्या मोठ्या खुणा’ याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. देवळाच्या बाबतीत नाही. वास्तू आहे, निमुळत्या भागाचा कोन आणि पायऱ्यांचा उतार चुकला तर वाईचा माणूस लांबूनच म्हणेल की हे ढोल्या गणपतीचं देऊळ नव्हे. तिथं चौकटी घट्ट धरा. पाणी, आभाळ, बायका तिरकसांच्या हवाली.

तिरकस_ब्रश:
मान्य. देऊळ तुमचं.

घाटावरचा:
बाप रे, केवढं मिळालं. बायका खरंच गिरबिटं आहेत, आत्ता भिंग लावून बघितलं 😄 तर असं करतो, ९ बाय १२ वर नीट काढतो, त्याआधी वाईला एक चक्कर, आणि मग देवळाचा आणि पायऱ्यांचा तेवढा खाका, बाकी दोऱ्यानं मोठे चौकडे. शेवटचं एकच, पेन्सिल का कोळसा का अजून काही? आणि कार्बन पेपर अजिबातच नको का, घरात एक जुना गठ्ठा पडलाय.

बॅनरवाला_कोल्हापूर:
कार्बनचा गठ्ठा पावतीपुस्तकाला ठेवा. त्यात मेण आणि शाई असती, रंगातनं वर येती आणि पुसायला गेलं की पसरती.

पोथीतला_मोर:
पेन्सिल दाबून मारलेली असेल तर ऑइलच्या पातळ थरातून काही वर्षांनी दिसायला लागते, कारण ऑइल जुनं होत जातं तसं जास्त पारदर्शक होतं. हलकी एचबी आणि वर जाड रंग असेल तर काही बिघडत नाही. पण तुम्ही मोठं काम करताय तर कोळसा घ्या, झटकला की जातो. खुणा पक्क्या वाटल्या की रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून बारीक ब्रशनं रेषा पक्की करा आणि उरलेला कोळसा कोरड्या फडक्यानं उडवा, ग्रिडसकट सगळा जातो. अंबर लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं म्हणून. अजिंठ्यालाही आधी गेरूच्या लाल रेषेत आकृत्या बांधून घेतल्यात आणि मग रंग चढवलाय, तेव्हा मातकट रंगानं सुरुवात करायला हरकत नाही.

सातासमुद्रापार:
टर्पेंटाइनचा वास घरात नको असेल तर ॲक्रिलिकच्या पातळ रंगानं पण रेषा मारता येते, ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, उलटं चालत नाही. फक्त कॅनव्हास ॲक्रिलिक गेसोचा (गेसो म्हणजे रंगाआधी दिलेलं अस्तर) आहे का ऑइल प्रायमरचा ते दुकानदाराला विचारून घ्या, ऑइल प्रायमर असेल तर ॲक्रिलिक नको, धरत नाही.

घाटावरचा:
मागच्या स्टिकरवर ॲक्रिलिक प्राइम्ड लिहिलंय. तरी अंबरच घेतो, खिडकी उघडी ठेवून. ताई, पुरचुंडीला कोळसा विकतचा आणायचा का शेगडीतला चालेल?

सुईदोरा:
चालेल, पण खलबत्त्यात बारीक कुटून कापडातून दोनदा चाळा, खडे राहिले तर कॅनव्हासवर ओरखडे येतात. आणि खलबत्ता जुना घ्या, वहिनींचा मसाल्याचा नको.